श्रावण, नुस्ते आणि अंगाचा वास

गोव्यातल्या आपल्या हिंदू घरांत वर्षाचे दोन भाग असतात, एक नुस्त्याचा आणि दुसरा शिवराक. सोमवार शिवराक, एकादशी शिवराक, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, देवळात जायचे असले की तो दिवस, आणि श्रावण तर आख्खाच, तोही चवथ पार पडेपर्यंत. उरलेल्या दिवशी ताटात नुस्ते नसले तर 'आज जेवल्यासारखे वाटलेच नाही' म्हणणारी माणसे आपण. म्हणजे माणूस एक, अंग एक आणि आहार मात्र दोन. शाकाहाराने अंगाचा वास बदलतो का, हा प्रश्न ज्या शास्त्रज्ञांना पडला त्यांनी खरे तर गोव्यात यायला हवे होते. लोकांना मुद्दाम मांस सोडायला लावण्याचे त्यांचे कष्ट वाचले असते. इथे पंचांगच ते काम करते.

ते गेले प्रागला. २००६ साली तिथल्या यान हाव्लिचेक आणि पाव्ला लेनोखोव्हा या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय असा, की कारकुनी करणाऱ्या माणसाला वाचताना हसू यावे. पण काम मात्र अगदी शिस्तीचे. सतरा पुरुष घेतले. काहींना दोन आठवडे मांसाचा आहार दिला, काहींना बिनमांसाचा. शेवटच्या चोवीस तासांत काखेत कापसाच्या घड्या बांधून घाम गोळा केला. तीस बायकांनी त्या हुंगून गुण दिले. महिन्याभराने आहारांची अदलाबदल करून पुन्हा तेच केले, म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. निकाल असा लागला की मांस न खाल्लेल्या दिवसांतला घाम बायकांना सरासरीने अधिक सुखद वाटला, कमी उग्र वाटला.

शाकाहारी मंडळींनी हा निकाल साहजिकच डोक्यावर घेतला. इंटरनेटवर तो इतक्या ठिकाणी फिरतो, की जणू काखेचा प्रश्न कायमचा सुटला! पण त्यात दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, माणसे फक्त सतरा होती. दुसरी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची: प्रयोग लाल मांसाचा होता. मासळीचा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

पुढे २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी दुसऱ्या बाजूने पाहिले. जे पुरुष भाजी आणि फळे भरपूर खातात त्यांच्या त्वचेत त्या पदार्थांतला पिवळा-केशरी रंग किंचित उतरतो, तो यंत्राने मोजला आणि घामाच्या वासाशी ताडून पाहिला. भाजी-फळे खाणाऱ्यांचा घाम अधिक सुखद निघाला, इथपर्यंत ठीक. पण त्याच लोकांनी लिहून दिलेल्या आहारावरून पाहिले तर मांस, अंडी, स्निग्ध पदार्थ आणि सोयाबीनचे टोफू खाणाऱ्यांचाही घाम बरा निघाला, आणि नावडता वास कुणाचा म्हणाल, तर पिष्टमय पदार्थ जास्त खाणाऱ्यांचा. म्हणजे भाताचा! दोन्ही वेळा शीत जेवणाऱ्या आपल्या लोकांनी आता कुठे जावे? आणि २०१६ साली पुन्हा प्रागच्याच मंडळींनी लसणीवर प्रयोग केला. बारा ग्रॅम ताजी लसूण खाल्लेल्या पुरुषांच्या काखेचा वास बायकांना अधिक आवडला. तोंडाचा नव्हे, काखेचा. हे वाचून मी आमच्या हिला सांगितले. तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

थोडे शरीराविषयी. आपण ज्याला घाम म्हणतो तो बराचसा पाणी आणि मीठ, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर जाग्या होतात. त्यांच्यातून जे पाझरते तेही आधी बिनवासाचे असते. तिथे वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू ते फोडतात आणि मग वास तयार होतो. कोणाच्या काखेत कोणत्या जंतूंची वस्ती, यावर बरेच ठरते. शिवाय अनुवंश आहेच. कोरिया, जपान, चीन या भागांतल्या बहुसंख्य लोकांत एका जनुकाचे असे रूप आहे, की त्यांच्या कानातला मळ कोरडा असतो आणि काखेला वास अगदी कमी येतो. कोरियन माणूस मासळी खातो, मांस खातो, लसूण तर ढीगभर खातो. तरी त्याच्या काखेला वास कमी, आणि पिढ्यान् पिढ्या तुळशीपत्रावर राहणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या आजोबांच्या सदऱ्याला तो असतोच. अंगाच्या वासात ताटाचा वाटा आहे, पण तो धाकट्या भावाचा.

काही पदार्थ मात्र जंतूंची वाट न पाहता सरळ रक्तातून बाहेर येतात. लसूण त्यांपैकीच. तिच्यातले गंधकाचे एक द्रव्य फुप्फुसांतून आणि त्वचेतून बाहेर पडत राहते, म्हणून नुसते दात घासून लसूण जात नाही. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला काकवीसारखा वास येतो तो मेथीतल्याच एका द्रव्याचा. दोन्ही शुद्ध शाकाहारी.

आणि मासळी? समुद्रातल्या मासळीच्या मांसात एक बिनवासाचे द्रव्य असते. मासळी मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि आपल्या ओळखीचा तो वास सुटतो. ताज्या बांगड्याला तो का नसतो आणि दुपारनंतरच्या बांगड्याला का येतो, हे त्याचे कारण. हे द्रव्य आम्लाला बांधले जाते, मग उडत नाही. आपल्या आज्या नुस्ते निवडल्यावर हाताला सोल किंवा लिंबू चोळायच्या, हुमणात आंबट घालायच्या, ते चवीसाठी होतेच, पण त्यामागे रसायनशास्त्रही पक्के होते. पोटात गेल्यावर आपले यकृत या ट्रायमिथिलअमाइनचे पुन्हा बिनवासाचे द्रव्य करून लघवीवाटे घालवते. म्हणून धडधाकट माणसाने रोज इसवण खाल्ले तरी त्याच्या अंगाला इसवणाचा वास येत नाही. काही थोड्या लोकांत यकृताचे ते काम जन्मतःच अधू असते. त्यांच्या घामाला, श्वासाला मासळीचा वास येतो. ट्रायमिथिलअमिन्युरिया हे त्या व्याधीचे नाव. आणि गंमत म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही, पण ती व्याधी असलेल्याने जन्मात मासळी खाल्ली नसली तरी वास येतो, कारण तेच द्रव्य आतड्यातले जंतू सोयाबीन, शेंगदाणे, कडधान्ये, अंडी यांतल्या कोलीनपासूनही बनवतात. शाकाहारी माणसाच्या अंगाला मासळीचा वास! त्याला कोणती सोसायटी घर देईल?

सोसायटीचे नाव उगाच काढलेले नाही. हे सगळे मी वाचू लागलो ते २०२४च्या ऑगस्टनंतर. आमच्या थोरलीला पुण्यात प्रवेश मिळाला आणि खोली शोधायला मी तिच्याबरोबर गेलो. शनिवार, २४ तारीख. श्रावण लागून वीस दिवस होत होते. आमच्या घरात शेवटचे हुमण झाले होते ४ ऑगस्टच्या रविवारी, त्यानंतर घरात नुस्त्याचा काटासुद्धा नव्हता. एका जुन्या पेठेतल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एक काकू मुलींना ठेवून घेत. खोली स्वच्छ, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. आम्ही शिवराक जेवू शकतो, मुलगी खोलीत काही शिजवणार नाही, हे मी आधीच सांगितले होते. काकू बोलायला मऊ. चहा दिला. मग म्हणाल्या, "तसं नाही हो, मुलगी चांगलीच आहे तुमची. पण तुम्ही गोव्याकडची माणसं. कितीही नाही खाल्लं तरी तो वास अंगात मुरलेला असतो. आत्तासुद्धा येतोय बघा थोडासा."

मी काही बोललो नाही. वाद घालायला मुद्दे पुष्कळ होते, पण मुलगी समोर बसली होती. तिने कप खाली ठेवला आणि हात मांडीवर ओढून घेतले. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिने विचारले, "बाबा, म्हज्या आंगाक नुस्त्याचो वास येता?"

अठरा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न बापाला विचारावा, यापेक्षा त्या खोलीचे भाडे दुप्पट सांगितले असते तर बरे झाले असते.

रात्री लॉजवर मी बॅग उघडली आणि नाक आत घातले. काकूंचे नाक खोटे बोलत नव्हते! ती कापडी बॅग आमच्या माळ्यावरची. तिच्या शेजारी पुरुमेंताचे डबे असतात: सुके बांगडे, सुंगटां, गालमो. मे महिन्यापासून ते सगळे एकमेकांच्या संगतीत. कापड वास धरून ठेवते, तेलाची वाफ बसलेले तर जास्तच, आणि आपल्या पावसात कपडा धड वाळत नाही तेव्हा त्याला स्वतःचाही एक कुबट वास चढतो. सुती कपड्यापेक्षा पॉलिस्टर घामाचा वास अधिक धरते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले आहे; आमच्या ऑफिसातल्या पंख्याखाली दुपारी तीन वाजता उभे राहिल्यास कुणालाही पटेल. एकूण काय, वास बॅगेचा होता, माळ्याचा होता. काकूंनी तो माझ्या मुलीच्या अंगाला लावला. नाकाला वास आला इथपर्यंत शास्त्र. तो 'अंगात मुरलेला' आहे, हे पुढचे वाक्य नाकाचे नव्हे.

हे पुढचे वाक्य माणसे फार पूर्वीपासून बोलत आली आहेत. जपानी भाषेत पाश्चात्त्य वळणाच्या माणसाला किंवा गोष्टीला 'बाताकुसाई' म्हणतात, म्हणजे लोण्याचा वास येणारा. तिकडे लोणी खात नसत, गोरे लोक खात, म्हणून लोणी नाकात गेले. आणि आपण काय कमी आहोत? मोहरीच्या तेलात जेवण करणाऱ्या परप्रांतीय मजुराशेजारी बसमध्ये जागा रिकामी असली तरी उभी राहणारी माणसे मी रोज पाहतो. ती घरी जाऊन कालचे सुंगटांचे हुमण गरम करून जेवतात. त्याहून जवळचे सांगायचे तर खारवीण. तिने पहाटे जाऊन आणलेले नुस्ते आपल्याला दारात हवे, इसवणाची तुकडी जाड हवी, पण ती पाटी घेऊन बसमध्ये चढली की नाकाला रुमाल. तिला मागच्या दारापाशी पाटीजवळ उभे राहायला सांगणारे कंडक्टर मी लहानपणापासून पाहिले आहेत. आपण जे खातो त्याचा वास तिला येतो, आपल्याला येत नाही. स्वतःच्या घराचा वास नाकाला थोड्याच वेळात कळेनासा होतो, हा नाकाचा धर्मच आहे. त्यामुळे ज्याला त्याला आपले घर बिनवासाचे वाटते. काकूंच्या जिन्यात हिंग आणि उकडलेल्या कोबीचा वास भरून राहिला होता. त्यांना तो ठाऊकही नसेल.

वासावरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा वाद किती जुना आहे याचा पुरावा मला आपल्याच एका गोंयकाराच्या हातून मिळाला. धर्मानंद कोसंबी, सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले, बुद्धाच्या ओढीने घर सोडून गेलेले, पालीचे मोठे पंडित. बी.ए.ला असताना त्यांचे 'निवेदन' वाचले होते, पण 'सुत्तनिपाता'चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद हातात पडला तो या पुण्याच्या प्रकरणानंतर. त्यात 'आमगंध' नावाचे एक सुत्त आहे. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी. एक तापस, धान्य-पाला-कंदमुळे खाणारा, काश्यप बुद्धाला म्हणतो की तू उत्तम भात पक्ष्याच्या मांसाबरोबर खातोस आणि वर आमगंध आपल्याला लागत नाही म्हणतोस, तर तुझा आमगंध तरी कोणता? त्यावर बुद्ध त्याला यादीच ऐकवतो: जीव घेणे, मारहाण, चोरी, खोटे बोलणे, फसवणूक, निर्दयपणा, चहाडी. हा आमगंध, मांस खाणे नव्हे, असे पालुपद पुन्हा पुन्हा येते. सुत्तातल्या बुद्धाने घामाविषयी काही म्हटलेले नाही, हे मान्य. पण त्या तापसाचे बोलणे वाचताना मला चहाचा कप दिसला.

आयुर्वेदातही या वासाला शब्द आहे, 'विस्र'. वाग्भटाने तो पित्ताच्या गुणांत घातला आहे. पित्त सगळ्यांच्याच पोटात असते, शिवराकांच्याही!

आणि मत्स्यगंधा? तिच्या अंगाला मासळीचा वास यायचा तो खाण्यामुळे नव्हे, मासळीच्या पोटी जन्मल्यामुळे. महाभारतकारांनीही वास जन्माला चिकटवला, ताटाला नाही. पराशराच्या वराने तो जाऊन योजनभर पसरणारा सुगंध आला, पण त्यानंतर सत्यवतीने नुस्ते सोडले असे काही माझ्या वाचनात नाही. १९६४ सालच्या 'मत्स्यगंधा' नाटकाला संगीत दिले ते आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी, आणि कोकण रेल्वेवर त्याच नावाची गाडी मडगावला थांबते. तिच्या डब्यात चढताना मात्र कुणी नाकाला रुमाल लावत नाही.

थोरलीला पुढे हडपसरच्या बाजूला दोन मुलींबरोबर जागा मिळाली. एक नागपूरची, एक कोचीची. जागेचा प्रश्न सुटला. पण दिवाळीला घरी आली तेव्हा पाहिले, तिच्या सामानात अंगावर मारायच्या सुगंधाच्या दोन बाटल्या होत्या. परत जायच्या आदल्या दोन दिवसांत तिने नुस्त्याला हात लावला नाही, आणि कपडे एकेक करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बॅगेत भरले. बॅग नवी होती. हिने किसमूर बांधून दिली होती, ती ओट्यावरच राहिली.

म्हणून २०२५च्या श्रावणात मी आमच्या घरात प्रागचा प्रयोग केला. २० जुलैच्या रविवारचे एक बनियन, आधीचे पंधरा दिवस रोज नुस्ते खाल्लेले. बंदीचे दिवस, त्यामुळे मानशीवरचे शेवटे, सुंगटां आणि सुके, जे मिळेल ते. दुसरे बनियन २२ ऑगस्टचे, चार आठवडे शिवराक झाल्यावरचे. दोन्ही नव्या सुती कापडाची, दोन्ही दिवशी साबण न लावता आंघोळ, पावडर नाही. पहिले बनियन पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवले. त्यावरून घरात जे झाले ते इथे लिहीत नाही. चवथीला थोरली आली तेव्हा दोन्ही पिशव्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहून तिच्यापुढे ठेवल्या. एका माणसाच्या दोन बनियनांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळते. मला सिद्ध करायचे नव्हते, तिने हुंगायला हवे होते.

तिने बराच वेळ घेतला. एकदा हुंगले, खिडकीपाशी जाऊन आली, पुन्हा हुंगले. मग 'क' उचलून म्हणाली, हे नुस्त्याचे, नक्की. ते श्रावणाचे होते. धाकट्याने 'ख' म्हटले, पण तो हसत होता, त्याने मला पिशव्या बांधताना पाहिले असावे. ही स्वयंपाकघरातून आली, दोन्हींवर नाक न नेताच म्हणाली, "दोनूय धुवंक घालात."

थोरली हसली खरी. त्या खेपेला परत जाताना कपडे तिने पिशव्यांत भरले नाहीत, नुसते घड्या करून ठेवले. किसमूर मात्र या वेळीही नेली नाही. पुण्याच्या पावसात खोबरे टिकत नाही, म्हणाली.